गोव्याच्या अंगणात लाल पालवी: मेपलऐवजी काय लावावं आणि कसं जगवावं

जपानी मेपलचं रोप गोव्यात मरतं, आणि त्यात लावणाऱ्याची चूक नसते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मेपलचं बी ऑनलाइन मागवून फ्रिजमध्ये ठेवणारे हौशी लोक पेडण्यापासून काणकोणपर्यंत सापडतात. बी उगवतंही. ओलसर वाळूत, ४ अंश सेल्सियसच्या आसपास ९० ते १२० दिवस ठेवलं की त्याची सुप्तावस्था मोडते आणि इवली पाच बोटांची पानं येतात. खरी अडचण पुढे आहे. थंड मुलखातल्या या झाडाला दर हिवाळ्यात पानं गाळून कित्येक आठवडे गारठ्यात झोपावं लागतं, आणि गारठा म्हणजे साधारण ७ अंशांच्या खालचा. पणजीत जानेवारीतली रात्रही २० अंशांच्या आसपास असते. झोप न मिळालेलं रोप हळूहळू खंगतं, एप्रिलच्या उन्हात पानांच्या कडा करपतात आणि जूननंतर मुळं कुजतात. दुसरं वर्ष क्वचितच पार पडतं. ‘निळा मेपल’ म्हणून बी विकतात, ते झाड तर जगात कुठेच नाही, तो रंग फक्त फोटोत असतो.

पण मेपलची हौस असते ती मुळात रंगीत पानांची, आणि रंगीत पानं आपल्याकडेही आहेत. फक्त वेळ वेगळी. मेपलचं पान गळण्याआधी अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे लाल होतं. तेच रंगद्रव्य आपल्या कितीतरी झाडांच्या कोवळ्या पानांत असतं, हिरवेपणा भरायच्या आधी. म्हणून गोव्यात रंग पाहायचा तो शिगम्यापासून चैत्रापर्यंत, पालवीत.

जागा आधी, झाड नंतर

नर्सरीत जाऊन आवडेल ते रोप उचलायचं आणि घरी येऊन जागा शोधायची, ही सगळ्यात महागात पडणारी पद्धत. आधी अंगणात उभं राहून चार गोष्टी पाहा. समुद्राचा वारा थेट येतो का? जमीन उकरल्यावर किती खोलीवर कातळ लागतो? पावसाळ्यात पाणी कुठे साचतं? आणि वर विजेची तार, बाजूला माड, खाली सेप्टिक टँक यांपैकी काय आहे?

मोठ्या वाढीचं झाड घराच्या भिंतीपासून निदान ६ ते ८ मीटर आणि सेप्टिक टँकपासून ५ मीटर लांब हवं. लहान झाडाला भिंतीपासून ३ ते ४ मीटर पुरतात. कौलारू घराच्या पागोळ्या पडतात त्या रेषेत काहीही लावू नका. चार महिने त्या धारेखाली माती वाहून जाते आणि मुळं उघडी पडतात. माडाखालीही नको: एक झावळी रोपाचा शेंडा मोडायला पुरते.

लहान अंगणासाठी पहिली पसंती तिखीला, म्हणजे दालचिनीला. कोवळी पानं लालभडक येतात, मग गुलाबी होतात आणि शेवटी चकचकीत हिरवी. छाटून ४–५ मीटरवर सहज राखता येते, आणि हलकी छाटणी केली की लाल पालवी पुन्हा फुटते. जेवणात पान उपयोगी पडतं ते वेगळंच. पानांवर सुरवंट दिसले तर लगेच फवारणीचा पंप काढू नका. काही सुंदर फुलपाखरांच्या अळ्या याच पानांवर वाढतात, आणि त्यांनी खाल्लेलं झाड महिन्याभरात भरून काढतं.

सावली आणि ओल असेल, कुळागराच्या, म्हणजे सुपारी-माडांच्या बागेच्या, कडेला किंवा विहिरीजवळ, तर सीता अशोक. याची पालवी तांबूस, मऊ आणि लोंबती असते. नवख्याला वाटतं झाड सुकलं, म्हणून तो आणखी पाणी ओततो. तसं काही नसतं. आठवड्याभरात तीच पानं ताठ होतात. फेब्रुवारीपासून खोडाफांद्यांवर केशरी फुलांचे गुच्छ येतात. वाढ संथ, उंची ६ ते ९ मीटर. नर्सरीत ‘अशोक’ मागितला की बहुतेक वेळा उंच, सरळसोट वाढणारा, पानांच्या कडा लहरी असलेला खोटा अशोक हातात देतात. खऱ्या अशोकाचं पान संयुक्त असतं, एका देठावर पर्णिकांच्या जोड्या. ते बघूनच पैसे द्या.

कांदोळी, कोलवा, मांद्रे अशा किनाऱ्यालगतच्या भागात खारा वारा कोवळी पालवी जाळतो. तिथे देशी बदाम हा मेपलच्या सगळ्यात जवळ जाणारा पर्याय, कारण त्याची जुनी पानं खरोखर मेपलसारखी लाल होऊन गळतात, बहुधा वर्षातून दोनदा. फांद्यांचे मजले पसरत जातात, म्हणून त्याला मोठी जागा लागते. पानं मोठी असल्याने पन्हळी तुंबतात आणि फळांसाठी रात्री वटवाघळं येतात, हेही मनाशी धरून ठेवा. किनाऱ्यावर सदाहरित झाड हवं असेल तर उंडी लावा. रंग नाही, पण वाऱ्याला तीच टिकते.

तामण पाणथळीलाही चालतो. एप्रिलपासून जांभळी फुलं, आणि हिवाळ्याअखेर गळण्याआधी पानं तांबडी होतात. मधल्या आकाराच्या अंगणाला योग्य.

कोसंब आणि नागचाफा ही जागा मुबलक असलेल्यांची झाडं. कोसंबाची पालवी फाल्गुन-चैत्रात अशी लाल होते की लांबून फुललेलं झाडच वाटतं. सत्तरी, सांगे भागातल्या रानात ती पाहिल्यावर मेपलची आठवण राहत नाही. पण झाड २० मीटरच्या वर जातं. नागचाफ्याचीही पालवी लालगुलाबी, मात्र वाढ इतकी संथ की तो नातवंडांसाठीच लावायचा.

रोप निवडताना

लोकांना उंच रोप हवं असतं. त्यातच फसगत. दोन मीटर उंचीचं, लहान पिशवीत वर्षानुवर्षं कोंडलेलं रोप जागेवर बसायला दोन-तीन वर्षं घेतं, आणि तोवर ४५ ते ६० सेंमीचं साधं रोप त्याला गाठतं. वन खात्याच्या रोपवाटिकेत मिळणारी लहान, स्वस्त रोपं म्हणूनच चांगली.

पिशवीच्या तळातून जाड मुळं बाहेर आली असतील तर ते रोप नको. खोड धरून हलकेच हलवा. मातीच्या गोळ्यासकट हललं तर मूळ धरलेलं आहे, खोड एकटंच डुलत असेल तर नुकतंच पिशवी बदललेलं आहे. मुख्य शेंडा एकच असावा. काठीला घट्ट बांधून सरळ केलेलं रोप असेल तर दोरी सोडायला सांगा. सोडल्यावर वाकलं तर ते पावसाळी वाऱ्यात उभं राहणार नाही.

खड्डा: इथेच सगळं ठरतं

गोव्यात सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. मग आठ महिने जवळजवळ कोरडे. म्हणजे झाडाला आधी बुडण्यापासून वाचवायचं आणि नंतर तहानेपासून. या दोन्हींचा बंदोबस्त खड्ड्यातच होतो.

पर्वरी किंवा वेर्ण्यासारख्या पठारावर वीतभर मातीखाली जांभा लागतो. त्यात पहारीने चौकोनी खड्डा खोदला की तयार होतं ते दगडी भांडं. पावसाळ्यात ते भरतं, पाणी कुठेच जात नाही, हवेअभावी मुळं काळी पडतात, बुरशी शिरते आणि ऑगस्टमध्ये पानं सुकू लागतात. रोपाला पाणी कमी पडलं असं वाटतं, खरं कारण नेमकं उलट. गोव्यातल्या अंगणांत नवी रोपं मरण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

म्हणून मे महिन्यात चाचणी घ्या. ६० सेंमी लांब, रुंद आणि खोल खड्डा काढा. काठोकाठ पाणी भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी २४ तासांनंतरही वीतभर उरलं असेल तर निचरा नाही. तेव्हा दोन मार्ग. जमीन उताराची असेल तर खड्ड्याच्या तळापासून उताराकडे १५ सेंमी रुंद चर फोडून त्यात जांभ्याचे तुकडे भरा. सपाट असेल तर खड्डा खोल करायच्या नादी लागू नका. जमिनीवर ३० ते ४५ सेंमी उंच, दीड-दोन मीटर रुंद मातीचा उंचवटा करून त्यावर झाड लावा, आणि भोवती चिऱ्यांची एक ओळ सैल रचा, म्हणजे माती धुपणार नाही. सिमेंटने सांधू नका, पाणी अडेल.

कातळ पातळ असेल तर पहारीने तो आरपार फोडणं हा उत्तम उपाय. खाली शेडी, म्हणजे कातळाखालची मऊ माती, लागली की मुळांना वाट मिळते आणि उन्हाळ्यात तिथली ओलही मिळते. असा खड्डा ९० सेंमी खोल गेला तरी हरकत नाही.

नव्या घराच्या अंगणात आणखी एक गोम असते. बांधकामाचं सिमेंट, चुना, टाइल्सचे तुकडे तिथेच पुरलेले असतात. गोव्याची जांभी माती मुळात आम्लधर्मी, पण या राडारोड्यामुळे ती अल्कधर्मी होते आणि झाडाला लोह घेता येत नाही. लक्षण ठळक असतं: कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. लाल पालवी पाहायला लावलेल्या झाडाची पालवी फिकट पिवळी आली तर आधी खत नव्हे, कुदळ घ्या आणि मुळाजवळ काय पुरलंय ते बघा.

खड्डा पंधरा दिवस उन्हात तापू द्या. ६० सेंमीच्या खड्ड्यात सुमारे २१६ लिटर माल मावतो, म्हणजे १५ लिटरची चौदा-पंधरा घमेली. त्यात अकरा घमेली चांगली माती, तीन घमेली पुरतं कुजलेलं शेणखत, ५०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि २५० ग्रॅम रॉक फॉस्फेट मिसळा. आपल्या मातीत लोह आणि अॅल्युमिनियम भरपूर असल्याने स्फुरद (फॉस्फरस) अडकून पडतं, रॉक फॉस्फेट आम्ल मातीत हळूहळू सुटत राहतं. हाडांचा चुराही चालतो, मात्र वाड्यावरची कुत्री रोप उपटून काढतील. शेणखत यापेक्षा जास्त घालायचा मोह टाळा. खत कुजून बसतं, त्याबरोबर रोपही खाली जातं, आणि खोडाचा बुंधा खळग्यात येऊन तिथे पाणी साचतं.

लावणी

मृगाच्या पहिल्या सरींना घाई नको. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस पाऊस पडतो आणि मग आठवडाभर ऊन तापतं, असं बरेचदा होतं. खड्डा भरून ठेवा, दोन-तीन चांगले पाऊस पडून माती बसू द्या, आणि आर्द्रात, म्हणजे सांजांवच्या (२४ जून) सुमारास, ढगाळ संध्याकाळ पाहून रोप लावा. जिथे पाणी रेंगाळतं तिथे मात्र जुलैचा जोर जाऊ द्या आणि चवथीच्या आगेमागे लावा. पावसाचे उरलेले दिवस मूळ धरायला पुरतात, फक्त पुढचा उन्हाळा पाण्यात कसूर चालत नाही.

पिशवी ब्लेडने उभी कापून पूर्ण काढा. ‘कुजेल’ म्हणून ठेवलेली प्लॅस्टिकची पिशवी दहा वर्षांनी खणलं तरी तशीच निघते. मुळं गोळ्याभोवती गोल फिरलेली दिसली तर धारदार चाकूने बाजूंना तीन-चार उभे छेद द्या, बोटभर खोल. निर्दय वाटतं, पण न कापलेली गोल मुळं पुढे खोडालाच फास लावतात, आणि झाड आठ-दहा वर्षांचं होऊन वादळात बुंध्यातून उपटतं.

खोड जिथे रुंदावून मुळांत उतरतं ती जागा जमिनीच्या पातळीवर, किंबहुना दोन बोटं वरच हवी. रोपवाटिकेत बरेचदा पिशवीत वरून माती टाकलेली असते, ती खरवडून ही जागा शोधा. माती भरताना पायाने तुडवू नका, हाताने दाबा आणि एक बादली पाणी ओता. पाऊस चालू असला तरी ओता. त्याने मातीतल्या पोकळ्या बुजतात.

पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. रोपाच्या दोन बाजूंना, गोळ्याच्या बाहेर, बांबू रोवा आणि सुंभाने इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फास द्या. खोड थोडं हललं पाहिजे. हलण्यानेच ते जाड होतं. नायलॉनची दोरी वापरली तर ती साल कापते. वर्षभराने बांबू काढाच, नाहीतर झाड आयुष्यभर टेकून उभं राहायला शिकतं.

पहिला पावसाळा आणि पहिला उन्हाळा

पावसाळ्यात आळं करू नका. उलट मातीला खोडाकडून बाहेर उतार द्या. आळं करायचं ते ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर, खोडापासून ३० सेंमी अंतर सोडून.

तेव्हाच आच्छादनही घाला: सुका पालापाचोळा ८ ते १० सेंमी जाड, त्यावर नारळाची सोडणं. सोडणं पालथी ठेवा. उताणी ठेवली तर अवकाळी पावसाचं पाणी त्यांत साठतं आणि डासांची पैदास होते. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी राहू द्या, नाहीतर वाळवी थेट सालीवर चढते. वाळवीचे मातीचे बोगदे दिसले तर ते पुसून काढा आणि मुळाभोवती मूठभर निंबोळी पेंड टाका.

पाणी रोज तांब्याभर घालणारे झाड बिघडवतात. मुळं वरच्या ओल्या थरातच राहतात आणि चार दिवस गावाला गेलात की झाड माना टाकतं. पहिल्या वर्षी नोव्हेंबर ते जानेवारी दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी १५ लिटर, फेब्रुवारी ते मे एक दिवसाआड तेवढंच, सावकाश. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा किंवा दोनदा ३० लिटर. तिसऱ्या वर्षी मार्च ते मे दर दहा दिवसांनी पुरे, अपवाद सीता अशोकाचा. त्याला ओल कायम हवी. रोज घरी कुणी नसेल तर बुंध्यापासून हातभर अंतरावर मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरून तोंड झाका. न चकाकवलेलं, साधं हवं, त्यातूनच पाणी पाझरतं.

खाजनाजवळच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीजवळच्या, गावांत, दिवाडी, चोडणसारख्या बेटांवर, एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी मचूळ होऊ शकतं. जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन आत सरकू लागल्या तर पाण्याची चव घेऊन पाहा. अशा वेळी खत दिलं तर क्षार आणखी वाढतात. नळाचं पाणी आलटून पालटून द्या आणि पहिल्या दमदार पावसाने क्षार वाहून जाईपर्यंत धीर धरा.

खत वर्षातून दोनदा: जूनच्या सुरुवातीला आणि सप्टेंबरअखेर, दर वेळी एक घमेलं शेणखत आणि २५० ग्रॅम निंबोळी पेंड, फांद्यांच्या घेराखाली पसरून. युरिया टाकून भरभर वाढवलेली पालवी मऊ आणि फिकट हिरवी येते, रंग मार खातो. मातीचा सामू (pH) ५.५ च्या खाली असल्याचं माती परीक्षणात आलं तरच चुना, तोही त्यातल्या शिफारशीप्रमाणे.

छाटणी, जखमा आणि परवानगी

पावसात कापू नका. ओली जखम बुरशीला आमंत्रण देते. कोरडी हवा लागल्यावर, नोव्हेंबरमध्ये, मोडक्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढा, मुख्य शेंड्याशी स्पर्धा करणारी दुसरी फांदी वेळीच कमी करा. फांदी जिथे खोडाला जुळते तिथे फुगवटा असतो, त्याच्या बाहेरून कापा. जड फांदी आधी खालून थोडी चिरा, मग वरून. नाहीतर पडताना ती सालीची पट्टी सोलून नेते. पावसाळ्यातच वादळाने फांदी मोडली तर जखमेवर बोर्डो मलम लावा: १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १०० ग्रॅम चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवून एकत्र करा. लोखंडी सुरी बुडवून पाहा, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. सुपारीच्या कोळेरोगासाठी फवारतात ते याचंच पातळ रूप.

बुंध्याशी गवत कापणारं यंत्र कधीही नेऊ नका. ऑगस्टमध्ये त्याची दोरी एका फेरीत सालीची कडी सोलते, आणि पूर्ण गोल सोललेलं रोप वाचत नाही. बुंध्याजवळचं गवत हातानेच उपटा. फांदीवर वेगळ्याच पानांचा झुपका दिसला तर ते बांदगूळ, झाडावर जगणारी परजीवी वनस्पती. फुलचुखी हा छोटा पक्षी त्याचं चिकट बी आणून टाकतो. झुपका नुसता ओरबाडला तर पुन्हा फुटतो, फांदीच त्याच्या हातभर आतून कापावी लागते.

जागा निवडताना एक कायदाही लक्षात असू द्या. १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार गोव्यात खासगी आवारातलं झाड तोडायलाही वन खात्याची परवानगी घ्यावी लागते. विजेच्या तारेखाली लावलेला बदाम पंधरा वर्षांनी काढायचा म्हटलं तर अर्ज, पाहणी आणि वाट पाहणं आलं. तारेखालच्या त्या जागेत तिखी लावा.